वाचनखूण : कागदी विणकामाचा एक पाठ

इयत्ता : तिसरी ते पाचवी
विषय : कार्यानुभव (समवाय – गणित, भाषा, परिसर अभ्यास)
वेळ : प्रत्येकी 40 मिनिटांच्या दोन तासिका
क्षेत्र : भिवंडी शहर व तालुक्यातील प्राथमिक शाळा

प्रास्ताविक

वाचता वाचता पुस्तक मिटावे लागते. घंटा होते, आईची हाक येते, किंवा वीज जाते. अशा वेळी वाचून झालेले पान पुन्हा सापडावे म्हणून मूल काहीतरी युक्ती योजतेच. कोणी पानाचा कोपरा दुमडते, कोणी पेन्सिल आत ठेवून पुस्तक मिटते, कोणी पुस्तक उघडेच पालथे घालते. या तिन्ही युक्त्यांनी पान सापडते खरे. परंतु पहिलीने कागद दुमडीवर फाटतो, दुसरीने व तिसरीने पुस्तकाची बांधणी सैल होते. शाळेच्या वाचनपेटीतील पुस्तक वर्षभरात पन्नास हातांतून जाते. पन्नास वेळा दुमडलेला कोपरा शेवटी पुस्तकात राहत नाही, आणि त्याबरोबर शेवटच्या ओळीतील दोन शब्दही जातात.

याउलट काही मुलांच्या पुस्तकांत मोराचे पीस असते, काहींच्या पुस्तकांत पिंपळाचे वाळून जाळीदार झालेले पान असते. ती मुले ते हौसेने जपतात आणि पुष्कळदा नेमके चालू धड्यातच ठेवतात. म्हणजे वाचनखुणेची कल्पना मुलांना नवी नाही. तिला मापाची, रंगसंगतीची व नीटनेटकेपणाची जोड देणे एवढेच शिक्षकाचे काम आहे. प्रस्तुत पाठ त्यासाठी योजिला आहे.

विणकामच का निवडावे?

वाचनखूण अनेक प्रकारांनी करता येते. रंगीत कागदाची पट्टी कापून तिच्यावर चित्र काढले तरी ती होते. परंतु भिवंडीच्या शाळेत कागदी विणकामाला विशेष अर्थ आहे. कामवारी नदीच्या काठचे हे शहर यंत्रमागांचे शहर आहे. येथील पुष्कळ मुलांच्या घरी ताणा, बाणा, कांडी, धोटा, फणी हे शब्द पाटी-पेन्सिलीइतकेच परिचयाचे असतात. वर्गात मात्र ते क्वचितच उच्चारले जातात. ज्या मुलाचा बाप बारा तासांची पाळी करून घरी येतो, त्या मुलाने बापाच्या कामाचे शब्द वर्गात सर्वांसमोर समजावून सांगावेत आणि शिक्षकाने ते फळ्यावर लिहावेत, हा या पाठातील महत्त्वाचा भाग समजावा. वाचनात मागे असलेले मूलही येथे सांगणारा होऊ शकते.

कागदी विणकामाचा शिक्षणातील उपयोग जुना आहे. बालोद्यानाची कल्पना मांडणारे जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल (1782–1852) यांनी मुलांसाठी जे हस्तोद्योग ठरविले, त्यांत रंगीत कागदाच्या पट्ट्यांचे विणकाम होते. आपल्याकडे 1937 साली वर्धा येथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मूलोद्योगी शिक्षणाचा विचार पुढे ठेवला; त्यात सूतकताई व विणकाम यांना मानाचे स्थान मिळाले. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डी येथे व 1957 पासून कोसबाड येथे बालशिक्षणाचे कार्य केले. ही दोन्ही गावे तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. 2014 पासून ती पालघर जिल्ह्यात आहेत. महागडी शैक्षणिक साधने बाजूस ठेवून परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतून साधने घडवावीत, हा त्यांच्या कार्याचा एक मुख्य धडा होता. प्रस्तुत पाठात विकत आणावी लागेल अशी वस्तू जवळजवळ नाही, ती याच विचाराने.

उद्दिष्टे

1. विद्यार्थ्याने सेंटिमीटरमध्ये अचूक माप घेऊन कागद कापावा.
2. एकाआड एक वर-खाली या क्रमाने साधी वीण घालावी व कापड कसे बनते ते स्वतःच्या हातांनी समजून घ्यावे.
3. विरोधी व जवळचे रंग ओळखून त्यांची निवड करावी.
4. पुस्तक जपण्याची सवय लावून घ्यावी.

साहित्य

प्रत्येक विद्यार्थ्यास : जुन्या कॅलेंडरचा किंवा तितपत जाड कागद, 18 सेंमी × 5 सेंमी, विरोधी रंगाच्या घोटीव कागदाच्या किंवा रंगीत मासिकाच्या पानाच्या 15 पट्ट्या, प्रत्येकी 6 सेंमी × 1 सेंमी, पाठीमागे लावण्यासाठी पातळ पांढरा कागद, 17.5 सेंमी × 4.5 सेंमी, गोंड्यासाठी सुताचे 12 धागे, प्रत्येकी 20 सेंमी.

दोघांत मिळून : मोजपट्टी, पेन्सिल, बोथट टोकाची कात्री.

सर्व वर्गास : खळ, ओला फडका, छिद्र पाडण्याचे यंत्र.

खळ शिक्षकाने स्वतः शिजवावी. एक चमचा मैदा पाच चमचे पाण्यात गुठळी न होऊ देता कालवून मंद आचेवर ढवळत राहावे. ती पारदर्शक दिसू लागली की उतरवून थंड करावी. किडीपासून रक्षण व्हावे म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालीत. तो विषारी आहे; मुलांच्या हाती द्यावयाच्या खळीत तो मुळीच घालू नये. त्यापेक्षा लागेल तेवढीच ताजी खळ करावी.

मागावरील उरलेसुरले सूत पुष्कळ घरी मिळते. त्याचा रंग कच्चा असल्यास दमट हवेत तो पुस्तकाच्या पानास लागेल. म्हणून ओल्या पांढऱ्या चिंधीवर सूत घासून आधी परीक्षा घ्यावी. सूत आणण्यासाठी मुलांना कारखान्यात पाठवू नये. घरातील मोठ्या माणसांकडून मागून आणण्यास सांगावे.

पूर्वतयारी : मुलांचा माग

कागद हाती देण्यापूर्वी वर्गात एक खेळ घ्यावा. पाच मुलांना हातभर अंतराने एका ओळीत उभे करावे. हा झाला ताणा. सहाव्या मुलाच्या हाती एक ओढणी देऊन तिचे एक टोक ओळीच्या कडेला कोणास तरी धरावयास सांगावे. सहाव्याने दुसरे टोक धरून पहिल्याच्या पुढून, दुसऱ्याच्या मागून, तिसऱ्याच्या पुढून असे शेवटपर्यंत जावे. हा झाला बाणा, आणि जाणारा मुलगा धोटा. आता दुसरी ओढणी नेमकी त्याच वाटेने न्यावी आणि दोन्हींची टोके ओढून पाहावीत : दोन्ही ओढण्या एकमेकींवर सरकतात. मग दुसरी ओढणी काढून उलट्या वाटेने, म्हणजे पहिल्याच्या मागून व दुसऱ्याच्या पुढून न्यावी. आता उभा असलेला प्रत्येक मुलगा दोन ओढण्यांच्या मध्ये पकडला जातो. "कापड घट्ट का राहते?" या प्रश्नाचे उत्तर मुले आपोआप देतात.

यानंतर मागावर काम करणाऱ्या घरच्या मुलांना प्रश्न विचारावेत. लांबीच्या दिशेने ताणलेले धागे कोणते? आडवा धागा कोण नेतो? तो जागेवर ठोकून बसवण्याचे काम कोणाचे? ताणा, धोटा, फणी अशी उत्तरे आली म्हणजे ती फळ्यावर लिहावीत. काही मागांवर आता धोटा नसतो, निराळ्या साधनाने बाणा नेला जातो, असेही एखादे मूल सांगेल. तेही लिहावे.

कृती : पहिली तासिका

1. 18 × 5 सेंमीच्या कागदाच्या मागील बाजूवर लांबीच्या दोन्ही टोकांपासून 1.5 सेंमीवर आडवी रेघ मारावी. ही टोके कापावयाची नाहीत.

2. दोन्ही रेघांवर 1, 2, 3 व 4 सेंमीवर खुणा करून त्या सरळ उभ्या रेघांनी जोडाव्यात. चार रेघांनी पाच उभ्या पट्ट्या होतात हे मुलांकडून मोजून घ्यावे. पुष्कळ मुले प्रथम चारच म्हणतात.

3. रेघा बाहेर दिसतील अशा रीतीने कागदाची टोकास टोक लावून मधोमध घडी घालावी. घडीच्या बाजूने कात्री चालवून रेघेवरून 1.5 सेंमीच्या खुणेपर्यंत कापत जावे व तेथे थांबावे. घडीमुळे पाते टोचावे लागत नाही, म्हणून लहान मुलांसाठी ही रीत निर्धोक आहे.

4. घडी उलगडून कागद सपाट करावा व रंगीत बाजू वर ठेवावी. हा मुलाचा माग झाला. त्यावर ताणा चढलेला आहे.

5. पहिली आडवी पट्टी पहिल्या उभ्या पट्टीच्या वरून, दुसरीच्या खालून, तिसरीच्या वरून, चौथीच्या खालून, पाचवीच्या वरून न्यावी. दोन्ही बाजूंस अर्धा अर्धा सेंमी बाहेर राहील असे पाहावे. बोटांनी ती वरच्या टोकाकडे सरकवावी. मागावर हे काम फणी करते.

6. दुसरी पट्टी उलट क्रमाने घालावी : खालून, वरून, खालून, वरून, खालून. तिसरी पहिलीसारखी, चौथी दुसरीसारखी. याप्रमाणे शेवटपर्यंत जावे.

येथे एक गंमत घडेल. कापलेली जागा 15 सेंमी, पट्टीची रुंदी 1 सेंमी. तेव्हा 15 पट्ट्या बसाव्यात. पण प्रत्यक्षात 14 बसतात आणि पंधरावीस जागा अपुरी पडते. मुलांना वाटते, आपलेच माप चुकले. तसे नसून उभी पट्टी प्रत्येक आडव्या पट्टीच्या वर-खाली जाताना थोडी थोडी लांबी खर्च करते, शिवाय पट्ट्या अगदी खेटून बसत नाहीत. विणकरास हे ठाऊक असते. कापड जितके लांब हवे, त्याहून ताण्याचे सूत तो लांब घेतो. मुलांनी घरी विचारून यावे, आणि दुसऱ्या दिवशी मिळालेले उत्तर वर्गात सांगावे.

कृती : दुसरी तासिका

7. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा विषम ओळींची टोके कडेच्या पट्टीच्या वर असतात. ती मागे दुमडून खळीने चिकटवावीत. सम ओळींची टोके कडेच्या पट्टीच्या खाली असतात. ती कडेबरोबर कापून आतल्या बाजूने चिकटवावीत.

8. पाठीमागे पातळ पांढरा कागद लावावा. खळ अगदी थोडी घ्यावी; जास्त झालेली खळ कागदास सुरकुत्या पाडते व पावसाळ्यात बुरशी आणते.

9. दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर पाट्यांचे किंवा वह्यांचे वजन ठेवावे व एक रात्र तसेच राहू द्यावे. वर्तमानपत्राचा कागद लावू नये; त्याची शाई उतरते.

10. दुसऱ्या दिवशी वरच्या न विणलेल्या भागात मधोमध छिद्र पाडावे. बारा धागे मध्यावर दुमडून त्यांचा दुमडलेला भाग छिद्रातून ओवावा, त्या फाशातून मोकळी टोके काढावीत व हळूच ओढून गोंडा करावा. पुस्तक मिटल्यावर गोंडा बाहेर राहतो आणि पान चटकन सापडते.

पाठीच्या पांढऱ्या कागदावर मुलाने आपले नाव, इयत्ता व वर्ष लिहावे. भिवंडीत मराठीबरोबर उर्दू, हिंदी, तेलुगू बोलणारी मुले शेजारी राहतात. ज्याने त्याने आपल्या लिपीत नाव लिहावे. उर्दू पुस्तक उजव्या बाजूस बांधलेले असते व मराठी डाव्या. वाचनखूण दोन्हींत सारखीच बसते.

होणाऱ्या चुका

वीण सैल पडते, ती बहुधा पट्ट्या वरपर्यंत न सरकवल्यामुळे. दोन ओळी लागोपाठ सारख्या घातल्या तर तेथे वीण धरत नाही. अशा वेळी शिक्षकाने बोट ठेवून दाखवू नये, मुलाकडूनच "वरून, खालून" असे म्हणवून घ्यावे. चूक त्यास स्वतः सापडते. कात्री खुणेच्या पुढे गेली तर कागद टाकून देऊ नये. मागून लहान ठिगळ लावावे. जाड पत्रिकेचा कागद दोन्ही दिशांस वापरला तर खूण फार जाड होते आणि बांधणीवर ताण येतो. म्हणून ताण्यास जाड व बाण्यास पातळ कागद हा नियम पाळावा.

कागद व कापड

या निमित्ताने परिसर अभ्यासाचा एक भाग सहज घेता येतो. आपण कागदाचे कापड विणले. पण कापडाचाही कागद होतो. सुती चिंध्या कुजवून, कुटून त्यांचा लगदा पाण्यात कालवितात व तो चाळणीसारख्या साच्यावर उचलून हातकागद करितात. महाराष्ट्रात जुन्नर येथे व दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद करणाऱ्या कारागिरांच्या वस्त्या होत्या. पुणे येथे 1940 साली हातकागद संस्था स्थापन झाली. तेथेही सुती चिंध्यांपासून कागद होऊ लागला. भिवंडीच्या मुलाने आपल्या गल्लीत पडलेली सुती चिंधी पाहून हा संबंध ओळखावा. कृत्रिम धाग्याच्या चिंधीचा असा कागद होत नाही, हेही सांगावे.

गणित

1. विणलेल्या भागात 14 ओळी व प्रत्येक ओळीत 5 घरे, म्हणजे 70 घरे. विषम ओळींत आडव्या पट्टीचा रंग 3 घरांत दिसतो, सम ओळींत 2 घरांत. सात ओळींचे 21 व सात ओळींचे 14, मिळून 35. उरलेली 35 घरे उभ्या पट्टीच्या रंगाची. दोन्ही रंग अगदी समान येतात. पंधरावी ओळ बसली असती तर काय झाले असते? (38 व 37.)

2. 30 सेंमी × 18 सेंमीच्या घोटीव कागदातून 6 × 1 सेंमीच्या 90 पट्ट्या निघतात. प्रत्येकी 14 प्रमाणे 6 मुलांना पुरून 6 पट्ट्या उरतात. वर्गात 30 मुले असल्यास किती कागद लागतील?

आव्हान

साधी वीण साधलेल्या विद्यार्थ्यांपुढे शाळेने पुढील आव्हान ठेवावे. साहित्य घरातील किंवा शाळेतील टाकाऊ वस्तूंतलेच असावे. रंग तीनहून अधिक नसावेत. आणि वीण साधी नसून तिरपी असावी. तिरप्या विणीची रीत अशी : पहिली ओळ – वर, वर, खाली, खाली, वर. दुसरी – खाली, वर, वर, खाली, खाली. तिसरी – खाली, खाली, वर, वर, खाली. चौथी – वर, खाली, खाली, वर, वर. पाचवीपासून पुन्हा हाच क्रम. प्रत्येक ओळीत नमुना एक घर सरकतो आणि तिरपी रेघ उमटते. मुलांच्या जीनच्या विजारीवर हीच तिरपी रेघ दिसते, ती जवळून पाहण्यास सांगावे. येथे टोकांचा क्रम बदलतो, म्हणून कडेला वर असलेली टोके मागे दुमडावीत व खाली असलेली कापावीत.

15 ऑक्टोबर हा माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस 2015 पासून महाराष्ट्रातील शाळांत वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी सर्व वाचनखुणा दोरीवर मांडाव्यात. पहिला-दुसरा क्रमांक त्या दिवशी मात्र लावू नये. निकाल एका महिन्यानंतर, पुस्तके उघडून लावावा. जी खूण पुस्तकात आहे, जिच्यामुळे पुस्तक सपाट मिटते आणि जी महिन्याभरात पहिल्या पानांकडून पुढच्या पानांकडे सरकली आहे, ती उत्तम समजावी. रंग थोडे फिके असले तरी चालतील.

स्थलांतर करणाऱ्या मुलांविषयी

तालुक्यातील शिक्षकांनी हा पाठ शक्य तो दिवाळीच्या सुटीपूर्वी पूर्ण करावा. त्याचे कारण आहे. पावसाळा सरला की आदिवासी पाड्यांवरील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामास जातात. कोणी भिवंडी तालुक्यातून बाहेर जातात, कोणी बाहेरून येथील भट्ट्यांवर येतात. मुले आईबापांबरोबर जातात आणि पुढील पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या महिन्यांत धडा कोठे थांबला होता, हे मुलास आठवत नाही, आणि नव्या शाळेतील शिक्षकासही कळत नाही. मग पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होते, किंवा सुरू होतच नाही.

सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क 2009 च्या कायद्याने दिला असून तो 1 एप्रिल 2010 पासून अमलात आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची योजनाही आहे. ती कागदपत्रे शिक्षकाने द्यावीतच. त्यांच्याबरोबर मुलाचे पाठ्यपुस्तक व त्यात, शेवटी शिकलेल्या पानावर ठेवलेली त्याची वाचनखूण असावी. खुणेच्या पाठीवर मुलाच्या नावाखाली शिक्षकाने दोन ओळी लिहाव्यात : कोणता धडा झाला, कोणता अर्धा आहे. भट्टीजवळच्या शाळेत ते मूल गेले, तर तेथील शिक्षकास पुस्तक उघडताच कोठून आरंभ करावयाचा ते समजेल. शाळेत जाणे झालेच नाही, तरी गोंडा बाहेर दिसणारे पुस्तक मुलास आपले पान दाखवीत राहील.

ताराबाई व अनुताई यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली व तिला कुरणशाळा म्हटले. शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलाकडे शाळेने काही पावले चालत जावे, हा त्यातील बोध. प्रत्येक शिक्षकास भट्टीपर्यंत जाणे जमेलच असे नाही. परंतु आपल्या हस्ताक्षरातील दोन ओळी मुलाच्या पुस्तकात घालून पाठविणे सर्वांस शक्य आहे.

मूल्यमापन

पुढील प्रश्नांची उत्तरे शिक्षकाने प्रत्येक विद्यार्थ्यापुरती नोंदवावीत.

1. माप व काप सरळ आहेत काय?
2. विणीचा क्रम सर्वत्र बरोबर आहे काय? चूक झाली असल्यास ती विद्यार्थ्याने स्वतः शोधली काय?
3. निवडलेले दोन रंग एकमेकांत मिसळून न जाता उठून दिसतात काय?
4. जोडीदारास कात्री, खळ व मोजपट्टी वेळेवर दिली काय?
5. एका महिन्यानंतर खूण पुस्तकात आहे काय? पुस्तकाच्या पानांचे कोपरे सरळ आहेत काय?

स्वाध्याय

1. घरातील मोठ्या माणसांना विचारून कापडाशी संबंधित दहा शब्द अर्थासह लिहा.
2. अंगातील सदऱ्याचा किंवा ओढणीचा कपडा भिंगातून पाहा व त्याच्या विणीचे चित्र चौकटीच्या कागदावर काढा.
3. एक अधिक वाचनखूण करून ती पुढील वर्षी तुमच्या वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानात ठेवा. तिच्या पाठीवर तुम्हांस सर्वांत आवडलेल्या धड्याचे नाव लिहा.